अकरा नंबरचा सल्ला

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे आणि सध्या मला सरकारी सील आहे. माझ्या वयाच्या फळ्यांना सहसा चुलीत जागा मिळते. त्या मानानं माझं बरं चाललंय म्हणायचं.

माझा जन्म अणदूरच्या एका सुताराच्या अंगणात झाला. पावतीवर सागवान लिहून त्यानं मला आंब्याच्या लाकडात घडवलं आणि वर काळा रंग दिला. व्यवहारातला पहिला धडा मला असा जन्मतःच मिळाला.

तिथून मी जळकोटजवळच्या एका वस्तीशाळेत आलो. तिसरीच्या वर्गात मी पंचवीस वर्षं काढली. पोरांनी माझ्यावर पाढे लिहिले, गुरुजींची चित्रं काढली. चित्रं जास्त बरोबर असायची.

त्या शाळेत खिचडी शिजवायला सरुबाई होत्या. पातेलं उतरलं की त्या वर्गाच्या दारात टेकून बसत आणि माझ्याकडे बघत. त्यांची नात नंदा तिसरीत होती. शाळा सुटली की ती खडूचा तुकडा घेऊन आजीला एकेक अक्षर दाखवायची.

"आजे, हे काय?"

"ठ."

"ठ कशाचा?"

"ठेच्याचा."

"पुस्तकात ठशाचा हाय."

"पुस्तक लिवणाऱ्यानं ठेचा खाल्ला नसंल."

वयाच्या बावन्नाव्या वर्षी सरुबाईंनी माझ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. चार अक्षरांना पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आल्या आल्या डस्टर उचललं, नाव वाचलं आणि तो तास त्यांनी तोंडी घेतला. माझ्या आयुष्यात माझा एवढा मान पुन्हा कुणी राखला नाही.

मग शाळेत विजेवर चालणारा पांढरा फळा आला. लाईट असली की तो शिकवतो. मला लिलावात सव्वाशे रुपयांना हायवेवरच्या सदाभरोसा पतसंस्थेनं घेतलं आणि चॅनल गेटच्या आत, व्हरांड्यात टांगलं. डोक्यावर पिवळ्या रंगात लिहिलं, 'आजचा सल्ला'.

मॅनेजरसाहेबांकडे बावन्न सल्ल्यांचं छापील पत्रक होतं. ते नंबर सांगायचे आणि शिपाई बिभीषण तो सल्ला माझ्यावर लिहायचा. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. खात्याला वारस लावा. भिडेखातर जामीन राहू नका. सल्ले चांगले होते, हे मी सील लागल्यावरही म्हणतो. 'संस्थेनं कर्ज कुणाकुणाला दिलंय ते वार्षिक सभेत उठून विचारा' एवढा एकच सल्ला पत्रकात नव्हता. कागदावर जागा संपली असेल.

दर मंगळवारी सरुबाई यायच्या. मला बघून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं बया, तू इथं व्हय!" मग बोट धरून पूर्ण सल्ला वाचायच्या आणि घरी जाऊन तसंच करायच्या. खात्याला त्यांनी नंदाला वारस लावलं. सख्ख्या भाच्याला जामीन राहिल्या नाहीत, तेव्हापासून भाचा बोलत नाही. खिचडीच्या मानधनातून आणि दोन शेळ्या विकून त्यांनी एक लाख दहा हजारांची ठेव केली. बारावीनंतर नंदाला नर्सिंगला घालायचं होतं, त्यासाठी.

त्यांच्याच वस्तीवरचे दुसरे ठेवीदार धोंडीबा मात्र माझ्यासमोर उभं राहून तंबाखू मळायचे आणि हसायचे.

"सरुबाई, फळा वाचून कुणी पैसेवालं झालंय व्हय?"

"शाळेचा फळा हाय तो. खोटं सांगत न्हाय."

"शाळेतबी नापासच करायचा की मला!"

गेल्या जूनमध्ये एका शुक्रवारी बाजारात कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी पैसे कुठंतरी गुंतवलेत, ते परत येत नाहीत म्हणे. दहा वाजेपर्यंत व्हरांड्यात वीसेक माणसं जमली. मॅनेजरसाहेब घाम पुसत बाहेर आले.

"बिभीषण, अकरा नंबर लिही. जाड लिही. आणि खडू साखरेच्या पाण्यात भिजव, म्हंजी पुसायचा न्हाय."

"साहेब, माझीबी ठेव हाय इथं."

"मग तूच पहिला वाच."

बिभीषणानं लिहिलं आणि वाचलं: 'मुदतीआधी ठेव मोडू नका. नुकसान तुमचंच.' अक्षर असं सुंदर आलं की गर्दी आपोआप शांत झाली.

सरुबाई पावती घेऊन आल्या होत्या. मुदत संपायला दीड महिना उरला होता. त्यांनी बोट धरून मला दोनदा वाचलं.

"बिभीषणा, आज काढले तर?"

"व्याज जाईल, मावशी. मी न्हाय काढत."

सरुबाईंनी पावती घडी करून पिशवीत ठेवली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या वेळी ओरडलो असतो. पण फळ्याला तोंड नसतं, दुसऱ्यानं लिहिलेलं अंगावर बाळगायचं एवढंच त्याचं काम.

धोंडीबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काउंटरवर हात आपटून, आरडाओरडा करून त्यांनी ठेव मोडली. उत्कर्षच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, वाढदिवसाला डीजे लावायचा होता. त्या दिवशी सुटलेली ती एकच ठेव. सोमवारी गेटला कुलूप लागलं, पुढच्या आठवड्यात सील.

नंदाच्या प्रवेशाची तारीख ऑगस्टमध्ये गेली. ती आता सोलापूरला साड्यांच्या दुकानात घड्या घालते. सकाळची एसटी माझ्यासमोरून जाते, तेव्हा ती पलीकडच्या खिडकीला बसलेली असते. बिभीषण हायवेवरच्या धाब्यावर भाज्यांचे भाव लिहितो. अक्षर अजून तसंच आहे म्हणतात.

डस्टर आत कुलपात आहे. पाऊस व्हरांड्यापर्यंत येत नाही. साखरेमुळे मुंग्या तेवढ्या येतात. संस्थेकडून आजवर ज्यांना काही मिळालं, त्यांत धोंडीबांनंतर त्यांचा नंबर लागतो.

आणि सरुबाई येतात. मंगळवारी तुळजापूरच्या सरकारी कचेरीत ठेव परत मिळण्यासाठी कागद देऊन परतताना गेटपाशी थांबतात, जाळीतून बोट घालून अक्षर अक्षर लावतात. गेल्या खेपेला नंदा सोबत होती.

"नंदे, मधी काय तरी सुटलंय बघ माझ्याकडनं. म्हातारपणी शिकलेलं, चुकलंच असंल."

"न्हाय गं आजे. बरोबर वाचलंस तू."

"तू माझं मन राखतीस. शाळेचा फळा खोटं सांगंल व्हय?"

सरुबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "मु... द... ती..."

मित्रांनो, फळ्यांची निगा राखा, ओल्या फडक्यानं पुसत जा, एवढं सांगून मला थांबायचं होतं. पण माझ्या हातात फडकंही नाही आणि किल्लीही नाही. तुम्ही कधी जळकोटवरून गेलात आणि गेटपाशी जाळीत बोट घालून उभी असलेली एक म्हातारी दिसली, तर तिला तेवढं सांगा. त्या शुक्रवारी तिनं एकही अक्षर चुकवलं नव्हतं. तिचा विश्वास बसणार नाही. तरी सांगा.