आधी लांबचं

सरकारी पत्र आलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. माझा मात्र जीव भांड्यात पडायचा, कारण पत्राच्या तळाशी माझ्या मुलीची सही असायची.

आमची ठमी वायरलेसच्या परवाना कार्यालयात अधिकारी आहे, आणि मी वायरलेस इंटरनेटवाला. मोठ्या कंपन्यांची केबल जिथे पोचत नाही तिथे छपरावर डिश लावायची, तिचं तोंड टेकडीवरच्या डिशकडे वळवायचं आणि दोघींचं बोलणं जुळवून द्यायचं, हा माझा धंदा. दोनशे दहा घरं, एक शाळा, एक गुरांचा दवाखाना. तार लागत नाही म्हणून लोकांना हे सोपं वाटतं. अहो, हवा लागते, आणि हवा सरकारची! कुठल्या चॅनलवर बोलायचं, किती जोरात बोलायचं, सगळ्याला नियम. त्या नियमात बसणारं यंत्र बाजारात येईपर्यंत नियमच बदललेला असतो. माझा टेकडीवरचा रेडिओ तर आता कुणी बनवतसुद्धा नाही. तो जप्त झाला किंवा मेला, तर मंजुरी असलेला नवा यायला चार महिने.

ठमीने कॉलेजात असल्यापासून माझ्याबरोबर काम केलं. मनोऱ्यावर ती चढायची आणि मी खाली उभा राहून बोंबलायचो. पासवर्ड तिनेच घातले, नकाशेही तिनेच काढले. मी तिला शिकवलं ते एकच. दोन डिशचा चॅनल बदलायचा असेल, तर आधी लांबचीचा बदलायचा, मग जवळचीचा. जवळचीचा आधी बदललात तर लांबची जुन्याच चॅनलवर हाका मारत बसते, आणि इथून तिला काहीच सांगता येत नाही. मग उन्हातान्हात टेकडी चढा. या धंद्यात प्रत्येक जण ही चूक एकदा करतो, आणि पाय दुखले की पुन्हा करत नाही.

तीन वर्षांपूर्वी ठमी म्हणाली, "बाबा, हा फुकटचा चॅनल आज ना उद्या काढून घेणार. मी तिथे नोकरी धरतेय. कागदपत्रं मी समजावून देईन तुम्हाला."

मला काय ऐकू आलं असेल? पोरगी धंदा सोडून चालली, एवढंच. मी म्हणालो, "बापाच्या मुळावर उठतेस? मग जा. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

ती गेली, आणि माझी जीभ काही झडली नाही.

तिची आई दर रविवारी अकरा वाजता आतल्या खोलीत दार लावून तिच्याशी व्हिडिओवर बोलते. बोलते ती माझ्याच नेटवर्कवरून. मी बाहेर स्क्रीनसमोर बसतो. आमच्या घराच्या जोडणीचा वापर दाखवणारी रेघ वर चढते, चाळीस मिनिटं वर राहते आणि खाली येते. मायलेकी बोलतात ते मला असं दिसतं, ऐकू येत नाही. एका रविवारी रेघ एक तास दहा मिनिटं वर राहिली. पोर आजारी आहे की काय, म्हणून मी आठवडाभर घास गिळत नव्हतो. बायकोला विचारलं असतं तर कळलं असतं, पण माझं नाक मोठं.

म्हणून ती पत्रं. "महोदय, आपणांस कळविण्यात येते की..." मी ती खालून वर वाचायचो, आधी सही, मग मजकूर. तिच्या सहीचा शेवटचा फराटा लहानपणापासून तसाच, वर उडालेला. उत्तर मी मुद्दाम उशिरा द्यायचो, म्हणजे स्मरणपत्र यायचं. बायको म्हणायची, "माणसं प्रेमपत्रंसुद्धा इतकी जपत नाहीत." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

परवाचं पत्र शेवटचं होतं. सोमवारी तपासणी, त्याआधी टेकडीचा चॅनल रिकामा करा, म्हणजे प्रकरण बंद. आता पत्र नाही, स्मरणपत्र नाही. सोमवारी सकाळी ते पत्र डाव्या हातात धरूनच मी चॅनल बदलायला बसलो. डोळे सहीवर होते. बटण दाबलं आणि मग लक्षात आलं, आपण जवळचीचा बदलला. वीस वर्षांच्या धंद्यानंतर!

दहा वाजता तपासनीस आला, तिशीतला शांत माणूस. त्याने मोजयंत्र टेकडीकडे धरलं.

"काका, तुमची वरची डिश अजून जुन्याच चॅनलवर आहे. आज हलली नाही तर मला रेडिओ उतरवून न्यावा लागेल."

मी चूक सांगितली. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याच्याच गाडीतून आम्ही टेकडीवर गेलो. मनोऱ्याच्या पायथ्याला पेटी आहे, तिथे लॅपटॉप जोडता येतो. जोडला. त्याने पासवर्ड मागितला.

पासवर्ड फक्त ठमीला माहीत; घरच्या कॉम्प्युटरमध्ये तो तिनेच भरून ठेवलेला, म्हणून मला कधी लागला नव्हता. तसं मी त्याला सांगितलं.

"मग मॅडमना लावतो," म्हणत त्याने फोन स्पीकरवर ठेवला. मी पेटीची कडी धरून उभा.

"बोला," ती म्हणाली. आवाज तोच, थोडा थकलेला. त्याने अडचण सांगितली.

"लिहून घ्या. 'खाली बघू नकोस'. इंग्रजी अक्षरांत, सलग, मध्ये जागा न सोडता."

हेच मी खालून बोंबलायचो, ती वर चढत असताना. दर वेळी. माझे डोळे भरून आले आणि मी बूट बघत राहिलो.

रेडिओ उघडला. त्याने नवा चॅनल घातला. गावातली डिश वाटच बघत होती, दोघी लगेच जुळल्या.

"झालं, मॅडम."

"बाकी काही?" तिने विचारलं. ते त्याला नव्हतं, एवढं मलाही कळलं. पण मी पेटीची कडी लावत बसलो. तिने थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला.

उतरताना मी उगाच म्हणालो, "तुमच्या मॅडमची सही छान आहे हो. प्रत्येक पत्रावर."

"ती होय? तो शिक्का आहे, काका. बाहेर जाणाऱ्या सगळ्या पत्रांवर कारकून मारतो. तुमची फाईल मॅडमनी स्वतःकडे ठेवलीच नाही. पहिल्याच दिवशी परत केली. वर लिहिलं, हे माझे वडील आहेत, निर्णय दुसऱ्याने घ्यावा."

मी घरी आलो. पत्रांचा गठ्ठा काढला, एकावर एक सह्या धरून उजेडात पाहिल्या. सगळ्या तंतोतंत एक. तीन वर्षं मी एका रबराची वाट पाहत होतो. आणि तिच्या हातचं खरं एकच वाक्य होतं, ते माझ्यापर्यंत आलंच नव्हतं.

रागावू तरी कुणावर? तीन वर्षांपूर्वी जवळचं आधी फिरवलं ते मीच; लांबची तिथे जुन्याच चॅनलवर हाका मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट चढवत होतो. बायको दारात आली.

"टेकडीवर? पुन्हा काही बिघडलं का?"

"नाही. ठमीकडे जातो. दुपारपर्यंत पोचेन."

ती आत गेली, गुडघ्याचा पट्टा घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला.

"तिसऱ्या मजल्यावर राहते," ती म्हणाली. "लिफ्ट नाही."

"चढेन," मी म्हणालो.