काळं फुलपाखरू

बाप जाऊन नऊ रात्री होतात न होतात, तोच हा जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसतो, ही कुठली रीत? तळलेली केळी ताटलीत आपटत एर्मेलिंदाबाई पुटपुटत होत्या.

बापाच्या नावाने नऊ रात्री घरात मांडलेली वेदी पहाटेच उतरवली होती. एकेक मेणबत्ती विझत गेली तशा बायका गाता गाता रडल्या. वेदीच्या पांढऱ्या कापडावरचं काळं कागदी फुलपाखरू, मरणाची खूण, थोरल्या मुलाने काढायचं, म्हणून ते येसिदने काढलं.

"फाटलं का रे?" बाईंनी विचारलं होतं.

"नाही आई, ठीक आहे." म्हणत त्याने ते खिशात घातलं. डोळे कोरडे ठक्क.

आता ताटली त्याच्यापुढे सरकवत त्यांनी विचारलं, "एवढं काय अडलंय आज?"

"इस्पितळातल्या औषधाच्या कपाटाचा प्रोग्राम तपासतोय. औषध काढून झालं की तो सगळं आवरतो, कप्पा बंद करतो. त्या आवरण्यातच मी मुद्दाम बिघाड घालतोय. ओरडतो की गप्प बसतो, ते बघायचं."

"मग?"

"गप्प बसतो. कप्पा उघडाच, आणि पडद्यावर 'काम ठीक पूर्ण'."

"आणि कुणाच्या पोराने हात घातला म्हणजे?"

येसिद काही बोलणार तोच मेदेयीन शहरातून त्याच्या साहेबांचा फोन आला. आवाज खोलीभर ऐकू येत होता. "औषध निघालं ना? मग झालं की. आवरतानाच्या चुका कोण धरतं? दुपारपर्यंत पास करून टाक, नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो."

"बरं, साहेब."

'पास'वर बोट नेऊन तो थबकला. घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला, तसं फुलपाखरू खाली पडलं. दोन तुकडे.

"पहाटेच फाटलं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळं संपतच आलं होतं. म्हटलं, आता कशाला."

बाईंनी तुकडे उचलले, झग्याला पुसले, जुळवून कॉम्प्युटरशेजारी ठेवले. येसिदने त्या जुळवलेल्या तुकड्यांमधल्या फटीवरून बोट फिरवलं. मग त्याने 'नापास' दाबलं आणि खाली कारण लिहिलं. फोन पुन्हा वाजू लागला. त्याने तो पालथा घातला.

बाईंनी ताटली त्याच्यापुढून बाजूला सरकवली.

"तुझा बाप होडीला भोक पडलं तर अख्ख्या नदीला ऐकू जाईल असा बोंबलायचा. तू त्याच्यावर नाही गेलास, आणि हा प्रोग्राम तुझ्यावर गेलाय. आत मोडतो, वर म्हणतो ठीक आहे. त्याला नापास केलंस, बरं केलंस. आता रडून घे. केळी मी परत तळेन."