मागच्या पायरीवरच्या शेंगा

कल्पना करा, तुम्ही एका लांबलचक टेबलाखाली बसला आहात. वर पुस्तकं शिवण्याचं काम चाललंय. खळीचा आंबूस वास येतोय, कागद कापायचं यंत्र धाडधाड करतंय आणि तुम्हाला दिसतायत फक्त पाय. नुसते पाय बघून काय कळणार, असं वाटतं ना?

आपल्या गोष्टीतल्या मुलीला बरंच कळलं. तिचे प्रश्न कधी संपायचे नाहीत, म्हणून घरीदारी तिला सगळे ‘चौकशी’च म्हणायचे. शनिवारी शाळा लवकर सुटली की ती ताईचा डबा घेऊन या बाइंडिंगच्या कारखान्यात यायची. ताई इथे नुकतीच कामाला लागली होती. आणि हल्ली ताईच्या केसांना सिगारेटचा वास यायचा.

तो वास चौकशीच्या ओळखीचा होता. बाबा जिना चढताना मध्येच कठड्याला धरून थांबायचे, तेव्हा आधी हा वास यायचा आणि मागोमाग खोकला. ताईसुद्धा उद्या अशीच कठडा धरून उभी राहणार, या विचाराने तिला रडूच यायला लागलं. पण रडत बसण्यापेक्षा विचारून घ्यावं, हा तिचा स्वभाव.

“बाबा, तुम्ही सिगारेट का सुरू केलीत?”

“थंडी होती गं फार.”

“मग उन्हाळा आल्यावर का नाही सोडलीत?”

बाबा हसायला गेले आणि खोकले. “सुरू करायला काहीतरी कारण लागतं, बाळा. पुढे कारण निघून जातं. सिगारेट तेवढी मुक्कामाला राहते.”

कारखान्यात कागद कापणारे लंबूकाका होते. त्यांनाही तिने गाठलं. ते म्हणाले, “मला मिशी फुटत नव्हती. म्हटलं, निदान धूर तरी काढू!”

प्रत्येकाचं कारण वेगळं. मग ताईचं काय?

त्या शनिवारी टेबलाखाली बसून ती पाय बघत राहिली. जेवणाची घंटा होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही, असा कारखान्याचा नियम होता. तरी काही पाय उठत, मागच्या दारातून बाहेर जात आणि थोड्या वेळाने परत येत. आत सगळा कागद, काडी पेटवायचीही चोरी. म्हणून ओढणाऱ्यांना बाहेर जायची मुभा होती. दारामागून हसण्याचे आवाज यायचे. न ओढणाऱ्यांचे पाय मात्र खिळे मारल्यासारखे जागच्या जागी. ताईचे पाय उठले, तशी चौकशी मागोमाग गेली.

“खरं सांगू?” ताई दारामागच्या पायरीवर हळूच म्हणाली. “आईकडे चुगली करायची नाही हं. सुरुवातीला माझ्याशी इथे कुणी बोलतच नव्हतं. त्या यंत्रापुढे ऐकू कुणाला येतंय? गप्पा, थट्टामस्करी, सगळं इथे बाहेर. एकदा नुसतीच येऊन उभी राहिले, तर मुकादम म्हणाले, ‘ओढत नाहीस ना? मग चल आत.’ दुसऱ्या दिवशी लंबूकाकांनी एक दिली. इथे उभं राहायचं तिकीटच समज.”

“आवडते तुला?”

“पहिल्यांदा तर डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण आता रविवारी घरीसुद्धा तिची आठवण येते.”

चौकशीला बाबांचं बोलणं आठवलं. म्हणजे कारण अजून गेलं नव्हतं, पण पाहुणी मुक्कामाची तयारी करत होती.

त्या आठवड्यात बाबा खिडकीशी सिगारेट ओढायला बसले की चौकशी शेजारी काहीतरी खायला घेऊन बसायची. केळं चार घासांत संपलं. लिमलेटची गोळी तिला चघळवेना, कडाकडा फोडून मोकळी झाली. शेवटी तिने मूठभर भाजलेल्या शेंगा घेतल्या. एकेक फोडायची, सालं वेचायची, दाणे खायचे. बाबांची सिगारेट आणि तिच्या शेंगा एकदमच संपल्या.

“हे काय चाललंय तुझं?” बाबांनी विचारलं.

“मोजमाप,” ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती मागच्या पायरीवर शेंगांची पिशवी घेऊन बसली. ताई आली. मागोमाग आलेल्या लंबूकाकांनी ताईच्या हातात सिगारेट ठेवली आणि ते काडी शोधू लागले. तेवढ्यात मुकादम आले.

“ए चौकशीबाई, ही जागा ओढणाऱ्यांची आहे!”

“मग न ओढणाऱ्यांची कुठली?”

मुकादमांनी मान खाजवली. लंबूकाका खो खो हसले. “घ्या! द्या आता उत्तर!”

“तेलाचे हात पानांना लागले तर?” मुकादम कसेबसे म्हणाले.

“नळ आहे की तिथे. आणि सिगारेट संपेल तेवढ्याच वेळात शेंगा संपतात. मी बघितलंय.”

मुकादमांनी नळाकडे पाहिलं, पण ते आत गेले नाहीत. ताई न पेटवलेली सिगारेट बोटांत धरून कधी त्यांच्याकडे, कधी बहिणीकडे बघत होती. चौकशीने मूठभर शेंगा काढल्या आणि ताईच्या त्याच हातात कोंबल्या. एका मुठीत दोन्ही मावेनात.

मग चौकशीने ताईच्या हाताखाली आपली ओंजळ धरली आणि म्हणाली, “जे नको असेल ते टाक इथे.”