पासंगालाही न पुरणारी

आत्यानं पितळी वजन उलटं केलं, बुडाच्या खळग्यातलं शिसं टोच्यानं उकरलं आणि फुंकर मारली.

दिवाणखान्याच्या भिंतीवर एक चौकट आहे. आत भांग पाडलेल्या मुलाचा फोटो आणि फोटोखाली फक्त एक आकडा.

काट्याची दोन पारडी सारखी नसली, तर हलक्या पारड्याला चिमूटभर धातू अडकवतात. त्याला पासंग म्हणतात.

दुसरीतली एक मुलगी गणिताच्या पेपरात एक-दोन उत्तरं मुद्दाम चुकवते. सगळी बरोबर आली की मधल्या सुट्टीत तिला कोणी खेळायला घेत नाही.

चौकटीची काच अजून नेमानं पुसली जाते.

वहिनी काटेदुरुस्तीच्या दुकानात आली तेव्हा आत्या त्याच वजनावर वाकलेली होती. वहिनीनं स्टूल ओढलं, पर्स मांडीवर घेतली. सोबत भिंगरी होती, तिची मुलगी. भिंगरी आल्या आल्या वजनांच्या पेटीकडे गेली.

वहिनी बराच वेळ आडवळणानं बोलली. भिंगरीसारख्या हुशार मुलांसाठी एक वेगळी शाळा होती. शाळा बुद्धिमत्ता चाचणीचा अहवाल मागत होती. चाचणी परवडणारी नव्हती, कारण दादानं पुन्हा नोकरी सोडली होती. या वेळचा साहेबही मठ्ठ निघाला होता. आजवरचे सगळेच निघाले होते. इकडे पोरगी वर्गात दिवसभर खिडकीबाहेर बघत बसायची आणि हल्ली घरीही बोलेनाशी झाली होती.

“ह्यांचा आकडा काही जेवायला घालत नाही, वन्सं,” वहिनी म्हणाली.

चौकटीतला तो आकडा आत्याला पाठ होता. वडिलांनी दादाची चाचणी करवली तेव्हा तो भिंगरीपेक्षा थोडाच मोठा होता. त्यानंतर घरातलं जे काही चांगलं होतं ते त्याच्या पारड्यात पडत गेलं. उजेडाची खोली, शिकवणी, बाहेरगावचं कॉलेज. आत्याचं शिक्षण अर्ध्यावर थांबवून तिला दुकानात बसवलं. हिचीही चाचणी करा की, असं एकदा कोणा पाहुण्यानं सुचवलं, तर वडील म्हणाले होते, कशाला, ही त्याच्या पासंगालाही पुरायची नाही. पाहुणे हसले. ती चहाचा ट्रे घेऊन आत गेली. पुढे ते वाक्य घरात विनोदासारखं फिरलं. दादाही हसायचा.

“आत्या,” भिंगरी पेटीशेजारून म्हणाली, “एखादं वजन मालाच्या बाजूला ठेवलं तर एवढी सगळी वजनं लागतच नाहीत. थोडीच पुरतात.”

आत्याच्या हातातला टोच्या थांबला. हीच गोष्ट तिला याच पेटीसमोर सुचली होती, याच वयात. वडिलांनी झाकण लावून टाकलं होतं. गिऱ्हाइकासमोर चाळे नकोत.

“पैसे मी देते,” ती वहिनीला म्हणाली. “पण दादाशी मीच बोलेन. आज जेवायला येते.”

दादाच्या घरी जेवायला ती मुद्दाम चौकटीसमोरची खुर्ची धरून बसली. दादा खुशीत होता. अशा चाचण्यांत काय काय विचारतात, घाबरायचं कसं नाही, हे तो भिंगरीला समजावत होता. पोरगी माझ्यावरच गेलीय, असं त्यानं दोनदा सांगितलं. आत्यानं त्याला पुरतं बोलू दिलं. मागून वाढूनही घेतलं.

“दोघांची करू,” मग ती म्हणाली. “तिची आणि तुझी. एकाच दिवशी. मोठ्यांसाठी वेगळी असते, मी विचारून आलेय.”

दादा हसला. “माझी झालीय की.”

“मग काय हरकत आहे? तोच आकडा येईल. बाबा म्हणायचे ना, बुद्धी म्हणजे वजनावरचा शिक्का.”

“वेडी आहेस का? या वयात कोण…”

“तू बसला नाहीस तर तिच्यासाठीही पैसे नाहीत.”

वहिनीचा वाढता हात तसाच राहिला. दादानं पेला तोंडाला लावला. पेला रिकामा होता. त्याचे कान तांबडे झाले, मग गळा. आत्या बघत राहिली. हे तोंड असं झालेलं पाहायला ती अर्धं आयुष्य थांबली होती. तिनं घास सावकाश चावला, पुरता चावला.

“वन्सं, असं काय करता,” वहिनी पुटपुटली.

“वजनं अधूनमधून तपासून घ्यावी लागतात, वहिनी. झिजतात.”

“बाबा, सोपं असतं ते,” भिंगरी म्हणाली. “आणि तुला नाही आलं तर मी पण एक-दोन चुकवीन. शाळेत चुकवते ना, तसं.”

दादानं पेला खाली ठेवला.

“शाळेत चुकवतेस?”

तिनं खांदे उडवले.

त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली. चौकटीकडे त्यानं पाहिलं नाही.

“तिथं एकही चुकवायचं नाही,” तो म्हणाला. मग बहिणीकडे न बघता, “कधी जायचं?”

चाचणी केंद्राच्या बाहेर भिंतीला लागून एक बाक होता. आत्यानं खिडकीवर दोघांचे पैसे भरले. भिंगरी आत गेली आणि बऱ्याच वेळानं उड्या मारत बाहेर आली. अजून द्या म्हटलं तर बाईंनी दिलंच नाही, अशी तिची तक्रार होती. वहिनी तिला पाणी पाजायला घेऊन गेली.

मग दादाला हाक आली. तो उठला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं खिसे चाचपले, पुन्हा चाचपले. आत्यानं कानावरची पेन्सिल काढून पुढे केली. ती घेताना त्याची ओली बोटं तिच्या बोटांना लागली.

“थांबशील ना?” त्यानं विचारलं.

“थांबते.”

दार लागलं. आत्यानं हात पदराला पुसला आणि ती बाकावर ताठ बसून राहिली.

त्याच्या पहिल्या चाचणीच्या दिवशीही ती अशीच बाहेर बसली होती. आत जाण्याआधी दादा वडिलांना म्हणाला होता, माझ्याऐवजी हिला न्या, ही जास्त हुशार आहे.