बुटांत जावई नाही

भागोजीला देवाने जीभ दिली ती जरा मापाबाहेरच. म्हणून तर बिचाऱ्याचं खरंसुद्धा कुणी खरं मानीना.

पोलादपूरच्या वरच्या वाडीतला हा गडी एका गोऱ्या कप्तानाचा हरकाम्या म्हणून काश्मिरात गेला. साहेब विलायतेला परतला तेव्हा हा दासगावच्या बंदरात उतरला, तो साहेबाने दिलेले बूट नि खांद्यावर दोन लांबलचक फळ्या घेऊन. टोकाशी वर वळलेल्या, मधोमध बूट अडकवायला पट्टे. साहेब त्या पायांना बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरत जात असे. एकदा साहेब तापाने फणफणला असताना भागोजीने त्या गुपचूप उचलल्या, एकटाच डोंगर चढला आणि पलीकडच्या अंगाला उतरला. वर आभाळ, खाली बर्फ, मध्ये भागोजी. आता हे अगदी खरं हो! पण साक्षीला कोण? एक कावळा! त्यात सांगताना भागोजीने दर खेपेला डोंगर थोडा थोडा वाढवला, तिथेच सगळं नासलं.

सासरा येसाजी म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा. त्याने लेकीला, ठकूला, सरळ माहेरी नेऊन ठेवलं. "ह्यो मुंबैत कुनाच्या तरी खानावळीत भांडी घाशीत व्हता," तो चारचौघांत म्हणाला. "खोटारड्याच्या घरात माजी लेक नांदायची नाय!"

भागोजी बायकोला न्यायला गेला, तर ठकू दारात आडवी उभी. "अवो, पानवठ्यावर बाया मला हसतात," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "त्या डोंगराच्या सोंडेवरनं फळ्यांवरून हितं खळ्यात उतरून दावा. मंग गाठोडं घेऊन येते. नायतर परत येऊ नका."

"हात्तिच्या! त्यात काय?" भागोजी बोलून गेला आणि घरी परतला. ठकूवाचून घर त्याला खायला उठत होतं. ती आली नाही तर ह्या जिभेचं करायचं काय? ऐकायला कुणी नको?

बर्फ नव्हता, पण माघ होता. माघात सोंडेवरचं गवत वाळून असं निसरडं होतं की बैलसुद्धा जपून पाय टाकतो. ठरल्या दिवशी सकाळी भागोजी फळ्या घेऊन निघाला. दोघंतिघं सोबतीला येतो म्हणाले, तर ह्याने त्यांना परतवलं. "बरफावर एकटाच गेलो व्हतो. हितं बी एकटाच."

माथ्यावर जाऊन त्याने पट्टे आवळले आणि अंग सोडून दिलं. झालं, पहिल्याच झटक्याला बूड आपटलं. उठला, पुन्हा निघाला, तर तोंडात गवत. मग मात्र फळ्यांना सूर सापडला. वारा कानात घुमायला लागला, मुंडाशाचं टोक मागे फडफडायला लागलं आणि भागोजी आनंदाने एकटाच ओरडला, "बघ गो ठकू, बघ!"

आणि पुढे करवंदीच्या जाळीत शेंदराचा ठिपका दिसला. वाघजाई!

वाघजाईच्या पुढून पायताण घालून कुणी जात नाही. लग्नाचं वऱ्हाडसुद्धा तिथे वहाणा हातात घेतं. आणि भागोजीच्या पायात बूट, वर बुटाखाली पुरुषभर लांबीची फळी! जाळीमुळे खालून कुणाला काही दिसणार नव्हतं. तसाच सुटला असता तर दोन श्वासांत सासऱ्याच्या खळ्यात. कोण बघतंय?

"देवी बगते ना!" भागोजी कळवळला आणि त्याने मटकन बसकण मारली. धोतराच्या चिंध्या झाल्या, पण थांबला. आवळलेले पट्टे काही केल्या सुटेनात, तेव्हा त्याने बुटांतून पाय ओढून काढले, फळ्या बाजूला ठेवल्या, डोळे मिटले आणि हात जोडले.

सर्रर्र! डोळे उघडतो तर फळ्या बुटांसकट पसार.

खालून आधी आरोळी आली, "आला, आला!" मग सगळं चिडीचूप. मग बायकांनी असा गळा काढला की भागोजीचं काळीजच हललं. कुणीतरी गेलं म्हणून तो काट्याकुट्यांतून अनवाणी पळत सुटला. खळ्यात पोचला तर ही गर्दी! फळ्या येसाजीच्या पेंढ्याच्या उडवीत घुसलेल्या आणि त्यांवर रिकामे बूट उभे. सगळ्यांची तोंडं तिकडे.

"कोन गेलं गो?" त्याने पुढच्या प्रयागबाईला विचारलं.

"भागोजी गेला रे," मागे न बघताच ती रडली. "वाघजाईनं नेला. लय गुनाचा व्हता."

भागोजीचेही डोळे पाणावले. तेवढ्यात प्रयागबाईने वळून बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की गोठ्यातली गुरं दावी तोडायला लागली.

"माजा जावई खरा व्हता रे" म्हणून ऊर बडवणारा येसाजी जावयाला बघताच ताठ झाला. डोळे पुसून म्हणाला, "फळ्या उतरल्या. तू चालत आलास. बोली मोडली."

थाप मारायला हीच वेळ होती. पण भागोजीची जीभ कधी नव्हे ती जड झाली. "मोडली, मामा," तो म्हणाला. "वाटंत वाघजाई. पायताण घालून तिच्या म्होरनं कसा जाऊ? पाय काढलं, तर फळ्या निसटल्या."

ठकू घरात निघून गेली. संपलं, भागोजीला वाटलं. तो मान खाली घालून वळला, तोच ती डोक्यावर गाठोडं घेऊन बाहेर आली.

"अगो, कुठं निघालीस?" येसाजी गरजला.

"घरला. बरफाचं खरं का खोटं मला ठाव नाय, बा. पन बायको हातची जाताना, कुनी बगत नसताना जो देवीम्होरं पायताण काढतो, त्यो मला कशाला फशवील?"

भागोजी खळ्यातच बसला आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडायला लागला.

"आता काय झालं रे रडायला?" येसाजी खेकसला. "जिता हायस ना!"