दोन घरांची एक भिंत

मी एक भिंत बोलतेय. सुरतच्या लिंबायतमधली, चार इंची, एकेरी विटांची. माझ्या दोन्ही अंगांना एकेक घर आहे. त्यामुळे माझी पाठ कोणती आणि पोट कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म दोन मित्रांच्या काटकसरीतून झाला. वसंत आणि भटू खानदेशातून आलेले, एकाच लूम कारखान्यात कामाला. दोघांनी शेजारीशेजारी बारा-बारा फुटांचे प्लॉट घेतले. गवंडी म्हणाला, "दोघांच्या दोन भिंती घाला, पुढे भांडण नको." भटू हसून म्हणाला, "आम्ही काय सावत्र भाऊ आहोत? एकच घाल. विटा वाचतील आणि खोल्या चार बोटं वाढतील." अशी मी दोघांची झाले. मला त्याचा फार अभिमान होता.

पुढे भटू वारला. त्याच्या मुलाने, योगराजने, दुसऱ्याच्या मशीनवरची नोकरी सोडली आणि खालच्या खोलीत स्वतःचं एम्ब्रॉयडरी मशीन बसवलं. लांबलचक, रांगेने सुया असलेलं. ते मला टेकलेलं नाही. तरी त्याची थरथर फरशीतून माझ्यात चढते आणि पलीकडे वसंतच्या घरात उतरते.

वसंत आता आबा झालेत. त्यांना अलीकडे फारसं काही आठवत नाही. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्याने ऐकूही येत नाही. गल्लीतले म्हणतात, "बहिऱ्या माणसाला मशीनचा कसला त्रास?" पण थरथर काय कानाने कळते? त्यांची खाट मला लागून आहे. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच मशीन सुरू होतं आणि आबा धडपडत उठतात. त्यांना वाटतं, आपण कारखान्यातच आहोत आणि काम टाकून झोपलो. मग माझ्या अंगावरून दोन्ही हात फिरवत ते तुटलेला धागा शोधतात. "धागा तुटना, धागा तुटना…" हाताला चुन्याचे पोपडे लागतात, धागा लागत नाही. असे शोधता शोधता ते दोनदा पडले.

त्यांची बायको धुरपदाबाई शेवटी योगराजकडे गेली.

"तुना कामले मी नही म्हनत नही रे भाऊ. पन घरमा मशीन?"

"काकू, घर मनं शे. महापालिकेचा वेरा, घरपट्टी मी भरस. कारखान्याले जागा माले कोन देस?"

"आनि मनं घर कोनं शे?"

त्यानंतर योगराजने चार दिवस दुपारी दोन तास मशीन बंद ठेवलं. पाचव्या दिवशी लग्नसराईचं काम आलं.

धुरपदाबाईने महापालिकेत अर्ज दिला. कुणाकडून तरी लिहून घेतला, अंगठा स्वतःचा. दीड महिन्याने एका दुपारी महापालिकेची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. साहेबांना घर सापडावं म्हणून धुरपदाबाई पदर सावरत त्यांना आणायला धावली.

घरात तिची सून सुषमा होती, मांडीवर साड्यांचा ढीग घेऊन. योगराजच्या मशीनवरून उतरलेल्या साड्यांचे लोंबते धागे ती कापते. या कामामुळे तिला पांडेसऱ्याच्या मिलमध्ये जावं लागत नाही. ती गेली तर आबांपाशी कोण बसणार? तिने दाराबाहेर पाहिलं, आबांकडे पाहिलं. मग कातरीच्या मुठीने माझ्यावर तीनदा ठोकलं.

तो निरोप मीच पोचवला. पलीकडे मशीन बंद झालं.

साहेब आत आले. त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मला थरथरायचं होतं. इतकी वर्षं नको असताना थरथरले, आणि त्या क्षणी माझ्यातली एक वीटही हलली नाही.

"माँजी, दीवार तो एकदम शांत है."

"साहेब, अभी बंद किया! रोज हलती है!"

"मैं जो देखूँगा वही लिखूँगा ना?" माणूस वाईट नव्हता. त्याने जे पाहिलं तेच लिहिलं आणि तो गेला. मशीन थांबताच आबाही खाटेवर गाढ झोपी गेले होते.

संध्याकाळी सुषमा रडत म्हणाली, "आई, मीच ठोकलं." धुरपदाबाईने एक साडी स्वतःच्या मांडीवर ओढली आणि ती धागे कापू लागली.

लोकहो, ज्याचं घर त्याचा हक्क, हे मला मान्य आहे. योगराजला गल्लीतून हाकला, असं मी म्हणत नाही. त्याच्या मशीनला घराबाहेर कुठे जागा मिळेल, तेवढं कुणीतरी बघा. दोघांचे हक्क तोलून धरण्याइतकी मी जाड नाही.

आता दुपारचं जेवण झालं की धुरपदाबाई आबांचा हात धरून त्यांना बागेत नेते. तिथल्या बाकड्यावर ते झोपतात. दिवस कलला की दोघं परत येतात. तेव्हा मशीन चालूच असतं. आबा दाराशी थबकतात.

"हाई कोनं घर शे?"

"तुमनंच शे. चाला ना," धुरपदाबाई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडते.

आबा मान डोलावतात. चपला काढून हातात घेतात आणि उंबऱ्याबाहेर उभेच राहतात, मालकाने आत बोलावण्याची वाट बघत.