मला पुसून मगच पुसा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, आणि मला फडक्याची भीती वाटते. फळ्याला फडक्याची भीती म्हणजे तव्याला चुलीची भीती, असं तुम्ही म्हणाल. हसा खुशाल. पण आधी माझी हकीकत ऐका.

एका सुताराने चार सागवानी फळ्या जोडून मला घडवलं, काळा रंग दिला आणि मी शाळेच्या वर्गात टांगला गेलो. तिथल्या बाई गणित टाळ्यांनी शिकवत. कवितेतलं ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक टाळी. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. "चार टाळ्यांची ओळ किती तऱ्हांनी जुळते?" त्या विचारत. मुलं माझ्यावर मांडून बघत. पाच. मग पाच टाळ्यांची? आठ. "मागच्या दोन उत्तरांची बेरीज केली की पुढचं येतं," बाई सांगत. "आपल्याकडच्या छंद मोजणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं." वर्ग टाळ्यांनी दणाणून जायचा आणि माझी छाती फुगायची. तास संपला की मला पुसत, पण त्याचं काही वाटत नसे. पुसलेलं सगळं तोवर मुलांच्या डोक्यात गेलेलं असे.

पुढे गुळगुळीत पांढरे फळे आले आणि मी अडगळीत पडलो. जुन्या फळ्याला कोण पुसतंय? बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला हातगाडीवर घालून घरी नेलं. त्यांच्या खोलीची एक भिंत माझी झाली.

बाईंची नजर अधू झाली होती. कागदावरची अक्षरं दिसत नसत, म्हणून त्या सगळं माझ्यावरच मोठ्या अक्षरांत मांडत. त्यांनी एक कोडं घेतलं होतं. लघु-गुरूंची ओळ गोल वाकवून तिची टोकं जोडली, तर किती तऱ्हा उरतात? दीड वर्ष त्या माझ्यासमोर टाळ्या वाजवत बसल्या. शेवटी सिद्धता जुळत आली. ती दुसरीकडे कुठेही नव्हती. म्हणून त्यांनी वरच्या कोपऱ्यात लिहिलं, 'मला पुसून मगच पुसा.' बाई जुन्या वळणाच्या. विचारणं या अर्थी त्या पुसणं म्हणत.

एका सकाळी स्टुलावर चढून लिहिताना त्यांना घेरी आली. आधाराला त्यांनी माझा कोपरा धरला. हात माझ्यावरून घसरत गेला आणि त्या खाली पडल्या. मावशी, म्हणजे घरकाम करणारी बाई, धावत आली. बाईंना दवाखान्यात नेलं. मी कोपऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या फळ्या गारठल्या. हाताखाली पहिले तीन शब्द गेले होते. उरलं होतं फक्त 'पुसा'.

चार दिवस दार वाजलं की माझा थरकाप व्हायचा. पाचव्या दिवशी बाईंचा भाचा रंगाऱ्याला घेऊन आला. आत्या परत येईपर्यंत घर उजळ दिसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. तो कामाला निघून गेला. रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, कोपरा वाचला, मान डोलावली आणि कोरडं फडकं उचललं. बादलीत ओलं फडकं बुडवलेलंच होतं. ओरडावं तर मला तोंड नाही. उजवीकडून एकेक ओळ जाऊ लागली.

तेवढ्यात मावशी आली.

"अहो, काय करताय?"

"लिहिलंय की ताई. पुसा म्हणून."

मावशीने कोपरा पाहिला. मग कमरेवर हात ठेवले. "आमच्या बाई पुसा म्हणतात ना, तेव्हा विचारा असं म्हणायचं असतं त्यांना. मीठ किती घालू, तेसुद्धा मला पुसून घाल म्हणतात. तुम्ही कुणाला पुसलंत?"

रंगाऱ्याने डोकं खाजवलं. "कुणालाच नाही," तो म्हणाला आणि फडकं खाली ठेवलं.

बाई पंधरवड्याने काठी टेकत आल्या. कोरड्या फडक्यामागे खडूच्या पुसट खुणा राहतात. मावशीने बाजूने विजेरी धरली, खुणा दिसतील तशा मोठ्याने वाचल्या, बाईंनी त्या पुन्हा लिहिल्या. एक ओळ मात्र सापडेना. तिच्यावरून फडकं दोनदा फिरलं होतं. "पडल्यापासून डोकं साथ देत नाही गं," बाई म्हणाल्या. मी बाईंना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मला ती ओळ पाठ होती, मित्रांनो. अजूनही आहे.

बाई घरी आल्यापासून नवव्या दिवशी त्या खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या आणि माझ्यावर तळवा टेकला. "तू तरी सांग रे, काय होतं इथे?" उभ्या जन्मात मला हजारो हातांनी पुसलं होतं, पण असं कुणी पुसलं नव्हतं. आणि मला उत्तर देता येईना. मग त्यांची बोटं माझ्यावर वाजू लागली. लघु, गुरू, गुरू, लघु. थांबल्या, पुन्हा वाजवलं. मग खडू उचलून त्यांनी ती ओळ लिहिली. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

आता मावशीने सगळं वहीत उतरवून घेतलं आहे. तरी दार वाजलं की मी दचकतोच. मित्रांनो, कुणाचं लिहिलेलं दिसलं तर फडक्याला हात घालण्याआधी जरा पुसत जा. बाई आता मला रोज पुसतात. फडकं हातात घेऊन म्हणतात, "पुसू का रे?"